डीएसए कशात करायचं : सी++ की जावा?

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष लागलं की ज्युनियर पोरांचे मेसेज सुरू होतात : 'दादा, डीएसए (म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) कशात करू?' पाठोपाठ कुठल्यातरी सीनियरचा हवाला असतो, की सी++ येत नसेल तर प्रॉडक्ट कंपनीवाले दारात उभं करत नाहीत. असं काही नसतं. बहुतेक ऑनलाइन टेस्टमध्ये भाषा आपणच निवडायची असते, यादीत सी++, जावा आणि पायथन तिन्ही असतात, आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्याला तुमचं लॉजिक बघायचं असतं. निवड तुमच्यावर सोडलेली असते, म्हणूनच घोळ होतो.

मी दोन्हींत बऱ्यापैकी प्रॉब्लेम सोडवले आणि शेवटी जावावर थांबलो. का थांबलो ते खाली येईलच. पण सी++ वाल्यांशी माझं भांडण नाही, माझे निम्मे मित्र तिकडचे आहेत.

पायथनचं आधी उरकून घेतो. लिहायला सगळ्यात कमी, आकडा कितीही मोठा झाला तरी ओव्हरफ्लोची, म्हणजे आकडा ठरलेल्या जागेत न मावण्याची, भीती नाही. पण लूप मंद चालतात, आणि रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची) मर्यादा मुळातच १००० ठेवलेली असते, त्यामुळे लांबलचक साखळीसारख्या ग्राफवर साधा डीएफएससुद्धा (एक वाट शेवटपर्यंत धरून शोधणं) अडकतो. मर्यादा वाढवता येते, पण ते सगळं सांभाळत बसावं लागतं. ज्यांना पुढे डेटा सायन्सकडेच जायचंय त्यांनी खुशाल पायथन घ्यावं. बाकीच्यांचा खरा प्रश्न उरलेल्या दोघांतलाच असतो.

यात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : 'सी++ कॉलेजात झालंय, मग तेच पुढे नेतो.' डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना हे जास्तच वाटतं, कारण एमएसबीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) अभ्यासक्रमात तिसऱ्या सेमला सी++ आणि चौथ्याला जावा, अशा दोन्ही होऊन गेलेल्या असतात. पण लॅबमध्ये काय शिकलात ते जरा आठवून बघा. कित्येक लॅबमध्ये डॉसबॉक्सच्या (जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) खिडकीत तो निळा टर्बो सी++ उघडायचा, वर 'कोनिओ डॉट एच', मग 'क्लिअर स्क्रीन', शेवटी 'गेटच', आणि एक्स्टर्नल समोर उभे असताना आउटपुट दाखवायचं. बोरलँडचा टर्बो सी++ १९९० चा आणि सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड १९९८ चं. म्हणजे ज्याच्या जोरावर लोक सी++ मध्ये डीएसए करतात तो व्हेक्टर, मॅप, सेट, सॉर्ट या तयार साधनांचा संसार टर्बोमध्ये नाहीच. त्यात इंट (पूर्णांकाचा साधा प्रकार) १६ बिटांचा, ३२७६७ मध्ये एक मिळवला की थेट उणे ३२७६८. आजच्या बहुतेक कंपायलरना 'व्हॉइड मेन' दाखवलंत तर ते तिथेच अडतील. तेव्हा कॉलेजात झालेलं सी++ आणि टेस्टमध्ये लागणारं सी++ यांची नुसती तोंडओळख आहे, आणि शिकणं दोन्हीकडे जवळपास नव्यानेच होतं. जावाचं त्या मानाने बरं असतं. लॅबमध्ये जुनी आवृत्ती असली तरी तिथला साधा कोड नव्या आवृत्तीवर सहसा जसाच्या तसा चालतो.

आता सी++ चं खरं बलस्थान. एसटीएल, म्हणजे वरच्या व्हेक्टर-मॅपची तयार लायब्ररी, हाताशी आली की लिहिण्याचा वेग वाढतो. दोन आकड्यांची जोडी हवी, तर 'पेअर' तयार आहे. जोड्यांची यादी सॉर्ट करायची, तर एक ओळ पुरते. जावामध्ये जोडी तयार मिळत नाही. एकतर छोटा क्लास लिहा, नाहीतर दोन घरांचा ॲरे घेऊन पहिल्या घरात काय आणि दुसऱ्यात काय हे स्वतःच लक्षात ठेवा. साध्या कामासाठी जावात एवढं लिहावं लागतं की तलाठी कार्यालयात अर्ज भरतोय असं वाटतं. वेगातही सी++ पुढे. आयसीपीसीसारख्या कॉलेजांच्या कोडिंग स्पर्धांमध्ये वरच्या संघांचा कोड बहुतेक सी++ मध्ये असतो आणि अवघड प्रॉब्लेमची नेटवरची उत्तरंही त्यातच सापडतात. स्पर्धा हाच ज्यांचा खेळ आहे त्यांनी इथेच वाचणं थांबवून सी++ घ्यावं, माझी काही हरकत नाही.

पण प्लेसमेंटसाठी डीएसए करणारा विद्यार्थी वेगळा. तो हॉस्टेलवर नाहीतर घरी, रात्री जर्नल पूर्ण करून मग एकटा बसलेला असतो. विचारायला कोणी नसतं. अशा वेळी भाषेने चूक दाखवून द्यावी एवढी साधी अपेक्षा असते, आणि माझं सी++ शी इथेच बिनसलं.

एक उदाहरण तपशीलवार सांगतो. रूममेटचा कोड होता. स्ट्रिंगमधलं प्रत्येक अक्षर किती वेळा आलंय ते मोजायचं, म्हणून २६ घरांचा ॲरे, आणि अक्षरातून स्मॉल 'ए' वजा करून इंडेक्स. लॅपटॉपवर सगळे सॅम्पल पास. टेस्टच्या पोर्टलवर मात्र लपवलेल्या केसेसपैकी दोन सारख्या नापास, शेरा नुसता 'राँग आन्सर'. आम्ही दोघं लॉजिकवर लॉजिक तपासत बसलो. त्यातून डोकं आणखी फिरवणारी गोष्ट अशी, की लॅपटॉपवर स्वतः बनवलेल्या मोठ्या इनपुटला मध्ये एक छापायची ओळ टाकली की उत्तर बरोबर यायचं, काढली की चुकायचं. भुताटकीच. अखेर सापडलं ते असं : काही इनपुटमध्ये कॅपिटल अक्षरं होती. कॅपिटल 'ए' चा कोड ६५, स्मॉलचा ९७, वजाबाकी उणे ३२. सी++ ने निमूटपणे ॲरेच्या ३२ घरं मागे जाऊन तिथे जे काही होतं त्यात एक मिळवला, आणि पुढे चालू लागलं. मागे कोणता व्हेरिएबल बसलाय ते कंपायलरच्या मर्जीवर. म्हणून एका मशीनवर बरोबर, दुसऱ्यावर चूक.

तोच कोड जावात लिहिला तर पहिल्या कॅपिटल अक्षराला प्रोग्राम थांबतो आणि सांगतो : इंडेक्स उणे ३२, लांबी २६, अमुक ओळ. उणे ३२ हा आकडा दिसला की निम्मं कोडं तिथेच सुटतं. पोर्टलने पूर्ण मेसेज दाखवला नाही तरी निदान 'रनटाइम एरर' असा शिक्का येतो, म्हणजे लॉजिक उकरत बसायचं नाही, इंडेक्स बघायचे, एवढं तरी कळतं. ९० मिनिटांच्या टेस्टमध्ये हे कळणं फार मोलाचं असतं.

असेच आणखी दोन प्रकार. लोकल व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत द्यायची राहिली, तर सी++ मध्ये त्यात जो कचरा असेल तो घेऊन बेरीज सुरू होते, आणि तुमच्या लॅपटॉपवर नेमका तो कचरा शून्य निघतो. फंक्शनच्या एका फाट्यावर रिटर्न राहिला, तर सी++ फार तर वॉर्निंग देतं, जी आपण कधी वाचत नाही. जावा या दोन्ही ठिकाणी कंपाइलच करून देत नाही. त्या लाल रेघांचा सुरुवातीला राग येतो, नंतर बरं वाटतं.

सी++ वाले म्हणतील, ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लाव, इंडेक्स तपासून देणारं 'ॲट' वापर, वॉर्निंग चालू ठेव. मुद्दा बरोबर आहे, ही सवय असलेल्याला माझी तक्रार लागूच होत नाही. पण हे लॅबमध्ये शिकवलेलं मी तरी पाहिलं नाही, आणि टेस्टच्या पोर्टलवर कंपायलरचे फ्लॅग आपल्या हातात नसतात.

जावा अगदी सोज्वळ आहे असंही नाही. इंट ओव्हरफ्लो झाला तर तीही गप्पच राहते. बायनरी सर्चमध्ये (सॉर्ट केलेली यादी अर्धी-अर्धी करत शोधताना) लो आणि हाय या दोन टोकांच्या इंडेक्सची बेरीज करून दोनाने भागायची आपल्या सगळ्यांची सवय जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही होती. त्या लायब्ररीवर काम केलेल्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती चूक जाहीरपणे मांडली, तोवर ती कित्येक वर्षं तिथेच होती. मात्र गंमत बघा, बेरीज उलटून इंडेक्स उणे झाला की जावात एक्सेप्शन येतं. सी किंवा सी++ मध्ये काय होईल याची खात्री कोणी देत नाही.

जावाचा खरा वैताग दुसराच आहे, तो म्हणजे 'इंटिजर'ची, म्हणजे ऑब्जेक्टमध्ये गुंडाळलेल्या इंटची, तुलना. यादीतले दोन इंटिजर दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तपासले तर १२७ पर्यंत सगळं सुरळीत आणि १२८ पासून उत्तर चुकीचं. कारण ते चिन्ह किंमत नाही, ऑब्जेक्ट तोच आहे का ते बघतं, आणि उणे १२८ ते १२७ एवढेच आकडे जावा आधीपासून साठवून ठेवते आणि त्यापुढे दरवेळी नवा ऑब्जेक्ट बनतो. सॅम्पलमध्ये आकडे लहान असतात, म्हणजे इथेही फसगत तीच. फरक इतकाच, की हा खड्डा एकदा माहीत झाला की पुन्हा त्यात पडत नाही माणूस, आणि किंमत तपासणारं 'इक्वल्स' लिहायची सवय लागते. सी++ च्या खड्ड्यांना मात्र ठरलेली जागा नाही.

ओओपीच्या (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या) प्रश्नांना दोन्हीकडे सारखंच काम पडतं. सी++ म्हणालात तर व्हर्च्युअल फंक्शन, व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर, डायमंड प्रॉब्लेम. जावा म्हणालात तर हॅशमॅप (की आणि किंमत जोडीने साठवणारी रचना) आतून कसा चालतो हे जवळपास ठरलेलंच, त्यात जावा ८ पासून एकाच बकेटमध्ये (आतल्या कप्प्यात) फार नोंदी झाल्या की लिस्टचं ट्री होतं, एवढं सांगितलं की समोरचा मान डोलावतो.

नोकरीचं थोडक्यात. बँका, विमा आणि त्यांची कामं करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जावा आणि स्प्रिंग बूटचं (जावातल्या फ्रेमवर्कचं) काम भरपूर, त्यामुळे डीएसएसाठी घोटलेली भाषा पुढे प्रोजेक्टलाही उपयोगी पडते. गाड्यांचं सॉफ्टवेअर, एम्बेडेड, गेम्स किंवा ट्रेडिंगच्या वेगवान सिस्टीम डोक्यात असतील तर सी++ ला पर्याय नाही, आणि मग वरची सगळी कटकट सोसलेली बरी. तिथे मेमरी आतून समजणं हाच तर पगाराचा भाग असतो.

आणि सी++ मध्ये ग्राफ आणि डीपी (डायनॅमिक प्रोग्रॅमिंग) अशा अवघड भागांपर्यंत पोचला असाल तर माझं ऐकून आता भाषा बदलू नका. प्लेसमेंटच्या तोंडावर सिंटॅक्स अडखळायला लागला तर नुकसान जास्त. सुरुवातच करायची असेल आणि मन अर्धं-अर्धं असेल, तर मी जावाकडे हात दाखवीन.

जावा घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात इनपुट वाचायला 'स्कॅनर' सोडून 'बफर्डरीडर'वर या, लाख-दोन लाख आकड्यांचं इनपुट आलं की स्कॅनरच वेळ खातो. लूपमध्ये स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडू नका, 'स्ट्रिंगबिल्डर' वापरा. आणि कोड पोर्टलवर पेस्ट करताना एडिटरने वर आपोआप टाकलेली 'पॅकेज'ची ओळ काढा, क्लासचं नाव पोर्टलने सांगितलं असेल तेच ठेवा.