थायलंडच्या तळ्यांवर कॅटफिश गरवायला कधी जावं? चंद्राचं ॲप आणि पाण्याचा थर्मामीटर, तिन्ही ऋतूंच्या वापरानंतर

नोकरीमुळे सध्या मुक्काम बँकॉकला आहे. पैसे भरून दिवसभर किंवा रात्रभर गरवता येईल अशी, मोठाले मासे सोडलेली तळी इथे बरीच आहेत. बांग कापी भागातलं बुंग सामरान सगळ्यांत प्रसिद्ध. राचाबुरी आणि छा-आमकडे आणखी आहेत, दक्षिणेत क्राबीलाही आहेत. मासे म्हणजे मेकाँगचा राक्षसी कॅटफिश (थाई लोकांचा पला बुक), सवाय, चाओ प्रायाचा कॅटफिश आणि मूळचा ॲमेझॉनचा, इथे वाढवलेला लाल शेपटीचा रेडटेल. मासा तळ्यात आहे याची खात्री असतेच. तो तोंड कधी उघडणार, एवढंच ताडायचं असतं. त्यासाठी मी दोन गोष्टी घेतल्या: चंद्राच्या स्थितीवरून मासेमारीची वेळ सांगणारं, वार्षिक वर्गणीचं एक ॲप, आणि तीन मीटर वायरचा डिजिटल थर्मामीटर. थंडी, उन्हाळा, पावसाळा असे तिन्ही ऋतू दोन्ही वापरून झाले. प्रत्येक वेळी वहीत नोंद ठेवली. त्या नोंदींवरून हे लिहितोय.

आधी ॲप. त्याच्या मुळाशी सोल्युनार सिद्धांत आहे. जॉन ऑल्डन नाइट या अमेरिकन गृहस्थांनी तो 1926 साली मांडला. चंद्र डोक्यावर आणि बरोबर पायाखाली असतो तेव्हा माशांची भूक मोठी, चंद्रोदय-चंद्रास्ताला त्याहून कमी, असं त्याचं सार. ॲप त्यावरून दिवसाला तारे देतं.

मी कर्ली खाडीच्या काठचा. आमच्याकडे चंद्र न बघता गरवायला कोणी बाहेर पडत नाही. भांगेला (अष्टमीच्या आसपास) पाणी मंद असतं, उधाणाला (पौर्णिमा-अमावस्येला) धावतं, आणि भरती लागताना तांबोशी कुठल्या खडकापाशी येणार हे घरातली मोठी माणसं तिथीवरून सांगतात. ते बरोबरही येतं. पण तिथे चंद्र पाणी हलवतो, हलत्या पाण्याबरोबर बारीक मासळी सरकते, आणि तिच्यामागे मोठा मासा येतो. चारी बाजूंनी बांध घातलेल्या तळ्यात ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. तिथे भरती नाही, ओहोटी नाही. माझ्या वहीत चार तारे असलेल्या पौर्णिमेच्या रात्री निवांत गेल्याच्या नोंदी आहेत, आणि एका ताऱ्याच्या संध्याकाळी काठी सरळ राहायला तयार नव्हती असंही लिहिलेलं आहे. ताऱ्यांचा आणि माशांचा मेळ मला कुठेही बसवता आला नाही. शिवाय ॲप बँकॉक आणि क्राबी या दोन्ही ठिकाणांना एकाच दिवशी जवळपास सारखेच तारे देतं. प्रत्यक्षात दोन्हीकडचा पावसाळा आणि पाणी वेगळं असतं. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि वाऱ्याचा अंदाज चांगला मिळतो, तेवढं खरं. पावसासाठी थाई हवामान खात्याचं रडार फुकट दिसतं आणि तेच जास्त कामाचं आहे.

थर्मामीटरने मात्र मला ही तळी वाचायला शिकवलं. किंमत ॲपच्या वर्गणीपेक्षा कमी. टोक पाण्यात सोडायचं, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबायचं, मग आणखी हातभर वायर सोडायची. पृष्ठभागापासून तीन मीटरपर्यंत असं उतरत जायचं. नुसतं वरचं तापमान घेऊन उपयोग नाही. वरच्या आणि खालच्या पाण्यात किती फरक आहे, ते बघायचं.

जानेवारीत उत्तरेकडून थंड हवा उतरते तेव्हा बँकॉकला रात्री कधी कधी 20 अंशांच्याही खाली जातात. सकाळी पाणी वरपासून खालपर्यंत 25 च्या आसपास एकसारखं लागतं. अशा सकाळी रेडटेल तळाशी पडून राहतो, आमिष नाकासमोर टाकलं तरी हलत नाही. पला बुकही सुस्त. मग पहाटे उठून जाण्याचा अट्टहास कशाला? अकराला पोचावं, ऊन वरच्या थराला दोन-तीन अंश चढवतं, आणि एक ते चारमध्ये दिवसाचं बहुतेक काम होतं.

एप्रिलमध्ये सगळं उलटं. दुपारी तीनला वरचं पाणी 34, तीन मीटरवर 30-31. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी मावतो: 25 अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे 8.3 मिलिग्रॅम, 33 अंशांना सुमारे 7.2. आणि नेमकं त्याच वेळी माशाच्या शरीराला तो जास्त लागतो. त्यात ही तळी शेवाळाने हिरवीगार. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं. रात्री मात्र तेही तो वापरत राहतं, म्हणून सगळ्यांत कमी प्राणवायू सूर्योदयाच्या जरा आधी असतो. मासेमारी पहाटेची, हा आपला जुना संस्कार एप्रिलच्या हिरव्या तळ्यावर म्हणूनच चालत नाही. पहाटे मासे पाणी घुसळणाऱ्या चक्राशेजारी गर्दी करून उभे असतात आणि खात नाहीत. दिवस मावळल्यापासून रात्री अकरापर्यंतचे तास माझ्या नोंदीत सर्वांत भरलेले आहेत. दिवसा बसायचंच असेल तर थर्मामीटरवर आकडा जिथे झपकन उतरतो, त्या खोलीवर आमिष लटकत राहील असा फ्लोटचा (तरंगत्या बोंडाचा) अडका दोऱ्यावर लावायचा. माझ्या मते या वस्तूचा हा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि पाकिटावर तो कुठेच लिहिलेला नाही.

पावसाळ्यात वर-खालचा फरक हाच सगळा खेळ. काही दिवस ऊन पडून वर 33, खाली 30 झालेलं असतं. मग संध्याकाळी धो धो पाऊस येतो, थंड पाणी खाली बसतं, तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं. दुसऱ्या सकाळी वर-खाली दोन्हीकडे 29. असं दिसलं की मी काठी उघडत नाही. मासे पृष्ठभागावर तोंड काढून असतात, आणि अशा वेळी त्यांना ओढून दमवणं म्हणजे मारणंच. सवाय वाताशयाने (पोटातल्या हवेच्या पिशवीने) हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, त्यामुळे तो तग धरतो आणि लागला तर तोच लागतो. त्यानंतर सलग दोन दिवस ऊन पडलं आणि फरक पुन्हा दिसू लागला की त्या दुपारी सगळं बाजूला ठेवून तळ्यावर जावं.

वेळ कुठल्या माशासाठी, यावरही अवलंबून आहे. मोठ्या पला बुकला दात नसतात, तो शेवाळ-वनस्पतींवर जगणारा. त्याच्यासाठी पावाचा चुरा, भाताचा कोंडा आणि नारळाचं दूध मळून केलेला गोळा लागतो, आणि तो उजेडी खातो. रेडटेलला माशाचा तुकडा तळाशी लागतो आणि अंधार पडल्यावर तो खरा जागा होतो. एकाच बसणीत दोन्ही हवे असतील तर दुपारी चारला पोचून रात्री दहाला उठणं हा बहुतेक महिन्यांत चालणारा तोडगा आहे.

वारही बघा. रविवारी शेकडो लोक दिवसभर पाव-कोंडा ओततात. सोमवारी तळं भरल्या पोटाने बसलेलं असतं. बुधवार-गुरुवार चांगले. 13 ते 15 एप्रिल सोंगक्रानमध्ये तळ्यावर जागाच मिळत नाही.

महाराष्ट्रातून कुटुंबासह येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, सुट्टी मिळते तेव्हाच यावं लागतं. मे महिन्यात आलात तर बँकॉकच्या आसपास राहा आणि फक्त संध्याकाळ-रात्र गरवा. क्राबीकडे त्याच सुमारास पाऊस लागतो. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात आली तर सोनंच: बँकॉकचा पाऊस ओसरलेला, पाणी अजून गरम, थंडी लांब. पण तेव्हा समुई बेटाकडची दक्षिण घेऊ नका, तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच पावसाचा जोर. नाताळची सुट्टी मी शेवटी ठेवीन. तेव्हा गर्दी असते, आणि पाणी थंड व्हायला नेमकी सुरुवात झालेली असते. क्राबीला मात्र डिसेंबर अखेरपासून मार्चपर्यंत कोरडं असतं, आणि तिथलं पाणी बँकॉकइतकं उतरत नाही.

हे सगळं मी इतकं मनावर घेतो त्याला कारण आहे. मेकाँग नदीत पला बुक आता जवळजवळ संपत आलाय. 2005 मध्ये उत्तर थायलंडच्या च्यांग खोंगला 293 किलोचा मिळाला होता, आज त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून आहे. थायलंडच्या मत्स्य विभागाला 1983 मध्ये त्याचं कृत्रिम प्रजनन साधलं म्हणून आपल्याला तो तळ्यावर बघायला तरी मिळतो. तेव्हा वेळ निवडताना त्याचा जीवही मोजा. एप्रिलच्या भर दुपारी तासभर झुंजवलेला मासा सोडल्यावर पोहत जातो, पण रात्री वाचतोच असं नाही. जाड दोरा, उलटा काटा नसलेला गळ, आणि फोटो पाण्यातच, माशाला वर न उचलता.

ॲपची वर्गणी पुढच्या वर्षी भरणार नाही. खाडीवर जाणाऱ्याला त्याचा उपयोग होईल, पण त्याच्याकडे कालनिर्णय असतंच. थर्मामीटरबद्दल दोन तक्रारी: टोक हलकं असल्याने वाऱ्यात वायर तिरकी जाते, त्याला शिशाचं वजन बांधावं लागतं, आणि उन्हात पडद्यावरचा आकडा दिसत नाही. घेणाऱ्यांनी तीनऐवजी पाच मीटर वायरचा घ्यावा, कारण काही तळ्यांत खरी थंड रेघ तीन मीटरच्याही खाली असते.