ओपनब्लास : फुकट, वेगवान, पण थ्रेड आवरावे लागतात

सांगली-कुपवाडच्या डिझाइन ऑफिसांत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये असतो तसला साधा संगणक : 8 जीबी रॅम, उबुंटू. त्यावरच्या आकडेमोडीला ओपनब्लास, म्हणजे मॅट्रिक्सचे गुणाकार वगैरे वेगाने करणारी तयार कोडची लायब्ररी, पुरते का? बहुतेकांना पुरते.

गोटोब्लास-2 या बंद पडलेल्या तशाच लायब्ररीतून 2011 साली ही लायब्ररी निघाली. परवाना बीएसडी, म्हणजे विकायच्या सॉफ्टवेअरमध्येही घालता येते. मॅट्रिक्सचे कॅशेत (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावतील एवढे तुकडे पाडायचे आणि गाभ्याचा कोड प्रोसेसरच्या जातीनुसार असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट भाषेत, लिहायचा, वेग येतो तो यातून. पायथनच्या पिप इन्स्टॉलरने नमपाय (आकडेमोडीची पायथन लायब्ररी) टाकलं की लिनक्सवर ती सोबतच येते. उबुंटूच्या प्रोग्रामला नुसती मूळ ब्लास (याच कामांची जुनी, साधी लायब्ररी) जोडलेली असेल तर लिबओपनब्लास-डेव्ह (libopenblas-dev) हे पॅकेज टाका. कोडची ओळही न बदलता मोठे गुणाकार कित्येक पट वेगाने होतात.

डोकेदुखी थ्रेडची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांची. ओपनब्लास न विचारता सगळे कोअर धरते. त्यावर पायथनच्या मल्टिप्रोसेसिंगने 8 प्रोसेस सुरू केल्या की 8 कोअरवर 64 थ्रेडची झुंबड उडते, आणि काम एकट्या प्रोसेसपेक्षाही रेंगाळू शकतं. ओपनब्लास-नम-थ्रेड्स (OPENBLAS_NUM_THREADS) हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल 1 करा, तोही नमपाय इम्पोर्ट करण्याआधी. नंतर बदलून उपयोग नाही. थ्रेडची संख्या बदलली की उत्तराचे शेवटचे अंक हलू शकतात. बेरजेचा क्रम बदलतो, एवढंच. म्हणून उत्तरं == ने ताडू नका, थोडा फरक चालवून घेणारं नमपायचं ऑलक्लोज वापरा.

विरळ, म्हणजे बहुतेक आकडे शून्य असलेल्या, मॅट्रिक्सपुढे मात्र ओपनब्लास तोकडी पडते. आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेचं पूरमॉडेल घ्या नाहीतर एखाद्या कास्टिंगचं फायनाइट एलिमेंट (वस्तूचे बारीक तुकडे पाडून करायचा हिशेब). अज्ञातं 30,000 असली तर पूर्ण मॅट्रिक्स 30,000 × 30,000 × 8 बाइट, म्हणजे 7.2 जीबी, मशीन स्वॅपमध्ये (रॅमऐवजी संथ डिस्कवर) गेलंच. खरं तर प्रत्येक ओळीत मोजकेच आकडे शून्याहून वेगळे असतात. तिथे सायपाय या पायथन लायब्ररीचं एसपीसॉल्व्ह किंवा सूटस्पार्स असं विरळ मॅट्रिक्ससाठीचं साधन हवं. इंटेलच्या एमकेएल या गणिती लायब्ररीत विरळ समीकरणं सोडवणारा पार्डिसो सॉल्व्हर आयताच मिळतो. एमकेएलही आता फुकट आहे, सोर्स तेवढा खुला नाही. इंटेल प्रोसेसर आणि विरळ मॅट्रिक्स असतील तर सरळ तीच घ्या.

सी-मधून वापरणाऱ्यांनी एक बघावं : मूळ ब्लास फोर्ट्रानसारखी स्तंभवार साठवण धरून चालते. सीब्लासला (ब्लासच्या सी-साठीच्या रूपाला) रो-मेजर, म्हणजे ओळवार साठवण, न सांगता दोन चौरस मॅट्रिक्स दिल्या, तर ए×बी ऐवजी बी×ए हाती येतं, आणि एररसुद्धा दिसत नाही.