संगमरवराच्या कडा काळवंडल्या: चिकटद्रव्य, ग्राउट आणि सीलर यांचा नऊ महिन्यांचा अनुभव

न्हाणीघरात पांढरा संगमरवर बसवून नऊ महिने झाले. पहिले तीन महिने काम इतके सुबक दिसत होते की मी निव्वळ कौतुकच लिहिले असते. परंतु चौथ्या महिन्यात भिंत आणि फरशी जेथे मिळतात, तेथील लाद्यांच्या कडांवर बोटभर रुंदीचा काळपट पट्टा उमटू लागला. तो ओलसर दिसतो, पण हात लावल्यास दगड कोरडा लागतो.

माझा पहिला राग सीलरवर, म्हणजे पाणी आणि डाग आत शिरू नयेत म्हणून दगडाला लावलेल्या द्रवावर होता. तो दगडात मुरून पाणी झिडकारणारा, सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा आहे आणि ग्राउट (लाद्यांमधल्या सांध्यांत भरायचे सिमेंटचे मिश्रण) भरण्यापूर्वी एक व नंतर एक असे त्याचे दोन हात दिले होते. पाणी आत शिरले असणार, असे गृहीत धरून मी दोन दिवस न्हाणीघर बंद ठेवले आणि हीटर लावला. ओल असती तर पट्टा फिकट झाला असता; तो जराही बदलला नाही. मग लक्षात आले की ग्राउट भरलेल्या एकाही सांध्यालगत डाग नाही, डाग आहेत ते फक्त सिलिकोन, म्हणजे रबरासारखे लवचीक भरण, भरलेल्या कोपऱ्यांलगत. सीलरविषयीचे माझे मत तेव्हाच बदलले.

हे सिलिकोन खिडकीच्या कामातून उरलेले होते. चांगली नळी वाया जाऊ नये म्हणून मीच ते कारागिराला दिले. पुष्कळशा साध्या सिलिकोनमध्ये मऊपणासाठी तेलासारखा पदार्थ असतो. काचेला किंवा ग्लेझ केलेल्या टाइलला त्याने काही होत नाही, पण सच्छिद्र दगड तो हळूहळू शोषून घेतो. शिवाय घट्ट होताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकोनमधून ॲसिटिक आम्ल सुटते आणि ते संगमरवरातील कॅल्शियम कार्बोनेटवर परिणाम करते. नैसर्गिक दगडासाठी ‘न्यूट्रल क्युअर’ (घट्ट होताना ॲसिटिक आम्ल न सोडणारे) आणि डाग न पाडणारे, असे स्पष्ट लिहिलेले सिलिकोन वेगळे मिळते. एका नळीची काटकसर मला पाच लाद्यांना भोवली.

चिकटद्रव्याबाबत मात्र तक्रारीला जागा नाही. आम्ही पांढऱ्या सिमेंटचे, आयएसओ १३००७ या टाइल-चिकटद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सी२ आणि एस१ वर्गाचे घेतले. सी२ म्हणजे पकड किमान १ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, आणि एस१ म्हणजे घट्ट झालेली पट्टी तुटण्यापूर्वी किमान २.५ मिलिमीटर वाकते. उंबऱ्याचा एक तुकडा कारागिराने राखाडी चिकटद्रव्यावर बसवला होता. पांढरा दगड थोडा पारदर्शक असल्याने तो शेजारच्या लाद्यांपेक्षा आजही मळकट दिसतो. चार कोपऱ्यांत गोळे ठेवून लादी दाबण्याची पद्धत मी करू दिली नाही. दातेरी थापीने सरळ रेघा ओढून आणि लादीच्या पाठीलाही पातळ थर लावून काम करून घेतले. लाकडी मुठीने ठोकून पाहिले, तर कुठेही पोकळ आवाज येत नाही.

ग्राउट वाळूविरहित घेतले, कारण सांधे दोन मिलिमीटरचे होते आणि वाळूच्या कणांनी चकाकी ओरखडली असती. ते टिकले आहे.

सीलरचे खरे काम आता कळते. भिंतीवर पाण्याचा थेंब दहा मिनिटांनंतरही गोल राहतो. नळाखालच्या लादीवर मात्र तो चार-पाच मिनिटांत पसरून खाली गडद ठसा उमटवतो, म्हणून तेथे नवा हात द्यावा लागणार आहे. तो देताना पृष्ठभागावर उरलेला सीलर वेळेत पुसलाच पाहिजे, नाहीतर धुरकट थर बसतो. मात्र आम्लयुक्त क्लीनरने पडलेला चकाकीहीन डाग कोणताही मुरणारा सीलर रोखत नाही. आमच्याकडे असा एक डाग आहे.

सिलिकोन पूर्ण खरवडून काढले आणि दगडात मुरलेले तेल ओढून काढण्यासाठी शोषक पावडर सॉल्व्हंटमध्ये कालवून तिचा लेप कडांवर प्लास्टिकखाली ठेवला. दोन लेपांनंतर तीन लाद्या बऱ्याच उजळल्या. उरलेल्या दोनवर अजून पट्टा आहे. तिसरा लेप काल लावला आहे, आणि तो वाळेपर्यंत त्या कोपऱ्यात नवे सिलिकोन भरणार नाही.