लिबव्हर्टचा मेमरी-लॉकचा हिशोब: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरच्या सर्व्हरवर केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) आणि लिबव्हर्ट (त्या मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर) काही महिने सलग चालवतोय. होस्टला, म्हणजे या सर्व्हरला, 64 जीबी रॅम, त्यावर 16 जीबीची एक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) आणि तिला पासथ्रूने, म्हणजे थेट तिच्या ताब्यात, दिलेलं ग्राफिक्स कार्ड. लॉक मेमरीची, म्हणजे रॅममधून हलू न देता धरून ठेवलेल्या मेमरीची, मर्यादा लिबव्हर्टलाच ठरवू द्या, हे माझं मत आता पक्कं झालंय.

पासथ्रूचं कार्ड व्हीएमच्या मेमरीत डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता) कुठेही लिहू शकतं. म्हणून व्हीएफआयओ (पासथ्रू सांभाळणारा कर्नलचा भाग) ती सगळी मेमरी आधीच पिन, म्हणजे लॉक, करतं. बलूनिंगही (व्हीएमची न वापरलेली मेमरी होस्टने परत घेणं) चालत नाही. 16 जीबी दिले की ते होस्टसाठी गेलेच. पण प्रोसेसने किती मेमरी लॉक करायची, यावर कर्नलची मर्यादा असते. लिनक्स 5.16 पासून ती मुळात 8 एमबी आहे. लिबव्हर्ट ती व्हीएमपुरती वाढवतं. एक्स86 (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर सूत्र सोपं: व्हीएमची एकूण मेमरी अधिक 1 जीबी. माझ्या व्हीएमच्या प्रोसेसची मर्यादा तपासली की 18253611008 बाइट दिसतात, म्हणजे बरोबर 17 जीबी. वरचा 1 जीबी हा अंदाज आहे, उपकरणांच्या एमएमआयओसाठी (मेमरीच्या पत्त्यांवर दिसणाऱ्या त्यांच्या भागांसाठी) ठेवलेला.

खरी गंमत व्हर्च्युअल आयओएमएमयू (उपकरणांना मेमरीचे पत्ते लावून देणारा व्हीएममधला भाग) लावल्यावर. डीपीडीकेसाठी (वेगवान नेटवर्किंगची लायब्ररी) अशा 12 जीबीच्या दुसऱ्या व्हीएमला नेटवर्क कार्डाची दोन व्हीएफ (एकाच कार्डाची वेगवेगळी व्हर्च्युअल उपकरणं) दिली आहेत. इथे प्रत्येक उपकरणाची अ‍ॅड्रेस स्पेस वेगळी, त्यामुळे तीच मेमरी दोनदा मोजली जाते: 2×12+1, म्हणजे 25 जीबी. रॅम दुप्पट लागत नाही, फक्त मोजणी दुप्पट होते. लिबव्हर्टच्या नव्या आवृत्त्या हे गुणाकार स्वतः करतात. जुन्या एकदाच मोजतात, आणि मग ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ म्हणून व्हीएम उठतच नाही. निम्मी रॅम मोकळी असताना हा संदेश फार दिशाभूल करतो. अशा वेळी डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची नोंद) बघा; लॉकची मर्यादा ओलांडली गेल्याचं कर्नलने तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

जुन्या आवृत्तीवर अडकलात तर व्हीएमच्या सेटिंगमध्ये हार्ड लिमिट (मेमरीची कमाल सीमा) देता येतं, लॉकची मर्यादाही तीच होते. मात्र आकडा सढळ ठेवा. तेच बंधन व्हीएमच्या प्रत्यक्ष मेमरीवरही बसतं आणि कमी पडलं तर कर्नल चालती व्हीएम मारून टाकतो. हार्ड लिमिटशिवाय नुसतं ‘लॉक्ड’ (सगळी मेमरी लॉक करा, अशी सेटिंग) लिहिलं तर मर्यादाच उठते. बऱ्याच व्हीएम असलेल्या होस्टवर मी ते करणार नाही. आणि व्हीएम साध्या युजरच्या सेशनमध्ये चालवत असाल, तर लिबव्हर्टला मर्यादा वाढवायचा अधिकारच नसतो. तिथे त्या युजरची लॉक मेमरीची (मेमलॉक) मर्यादा अ‍ॅडमिनलाच आधी वाढवून द्यावी लागते.