चिनी ब्रशचित्रांचा संच : शाई उत्तम, पुस्तिका अपुरी

अप्पा बळवंत चौकात घेतलेल्या या संचातली शाईची कांडी फार छान. शाई उगाळायच्या दगडावर चार-पाच थेंब पाणी घालून कांडी हलक्या हाताने गोल घासा. जोर दिला की कण राहतात, रेघ खरबरीत येते. कागद कच्चा शुआन, म्हणजे पाणी झटकन पिणारा. पुण्याच्या पावसाळ्यात बांबूचं पान लगेच पसरतं, म्हणून ब्रश आधी टिपकागदावर टेकवा.

पुस्तिकेत आलुबुखारचा मोहोर, ऑर्किड, बांबू, शेवंती हे ‘चार सज्जन’ (चिनी चित्रकलेत सद्गुणांची प्रतीकं मानलेल्या चार वनस्पती) आहेत, पण अर्थ एकाचाही नाही! बांबू आतून पोकळ म्हणून नम्र, मोहोर कडाक्याच्या थंडीत फुलतो म्हणून चिवट. हे कळलं की चित्र काढायला आणखी मजा येते.