फुगवायची फिशिंग कयाक: ऑक्टोबर ते मे, सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये वापरल्यानंतर

ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय. कोकणातल्या अनोळखी खाडीत गरवायला जायचं असेल तर फुगवायची कयाक उत्तम, पण उघड्या समुद्रासाठी ती घेऊ नका. माझी साडेदहा फुटी आहे, एका माणसाची, वजन १७ किलोच्या आसपास. तळ ड्रॉप-स्टिच पद्धतीचा आहे, म्हणजे वरचं आणि खालचं कापड आतून असंख्य धाग्यांनी एकमेकांना बांधलेलं. ८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली की तळ इतका ताठ होतो की वर उभं राहिलं तरी दबत नाही. बाजूच्या नळ्यांत मात्र ३ पीएसआयच.

धाकट्या भावाची प्लॅस्टिकची आहे, बारा फुटी, तीस किलोंच्या वरची. कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून आम्ही दोघं जातो, माझी डिकीत आणि त्याची टपावर, त्यामुळे दोन्हींची तुलना आपोआपच होत राहिली. एकटीनं पाण्यात जायचं नाही हा घरचा नियम आहे आणि तो मला मान्य आहे.

माझ्या कयाकचा खरा उपयोग कळला तो आचऱ्याला. नकाशावर पाण्यात उतरायला दोन जागा छान दिसत होत्या. प्रत्यक्षात ओहोटीला तिथे मांडीपर्यंत चिखल. मी पिशवी खांद्याला लावून बांधाबांधानं चालत पुढच्या पायऱ्यांपर्यंत गेले आणि पंधरा मिनिटांत हवा भरून तयार झाले. भावाला टपावरची कयाक उतरवायला दुसरा माणूस लागतो आणि गाडी पार काठापर्यंत न्यावी लागते. ओळखीच्या पाण्यात यानं काही अडत नाही. पण उतरायची जागाच ठाऊक नसते तिथे हलक्या कयाकला तोड नाही.

आता नियोजन. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण सहल इथेच जमते किंवा बिघडते. बहुतेक लोक आधी सुट्टी टाकतात, खोली घेतात आणि मग भरतीचा तक्ता उघडतात. हा क्रम उलटा करा. आधी भिंतीवरची दिनदर्शिका बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा की तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला ६, द्वादशीला ९, सकाळी आणि रात्रीही. हिशोब ढोबळ आहे, ठिकाणागणिक वेळ मागेपुढे होते आणि खाडीत आत जाल तशी भरती मुखापेक्षा उशिरा पोहोचते, त्यामुळे तक्ता बघावाच लागतो. पण तारखा निवडायला हा हिशोब पुरतो.

अष्टमीला काय होतं बघा. पाण्याला ओढ कमी, भांगाची म्हणजे कमी चढ-उताराची भरती, त्यामुळे नवख्याला ती सोपी वाटते. पण सकाळी सहालाच भरती पूर्ण होते आणि त्यानंतर दुपारपर्यंत पाणी मुखाकडे ओढत राहतं, म्हणजे दमून परतायच्या वेळी प्रवाह उलटा. अमावस्या-पौर्णिमेला सकाळभर पाणी आत येत असतं हे खरं, पण तेव्हा उधाण असतं. मालवणकडे उधाणाला पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं (मुंबईला चार मीटरच्याही वर), आणि सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत त्यातलं जवळजवळ निम्मं पाणी हलतं. अरुंद जागी तो प्रवाह माझ्या वल्ह्याला भारी पडतो. म्हणून अनोळखी खाडीसाठी मी दशमी ते द्वादशी धरते. उजाडताना निघायचं, पाण्यासोबत आत जायचं, आठ-नऊच्या सुमारास भरती थांबली की कांदळवनाच्या कडेनं गरवायचं आणि ओहोटी लागली की तिच्याच आधारानं गाडीपाशी यायचं. वारा सुटायच्या आत सगळं उरकतं.

वाऱ्याचं वेगळं सांगायला हवं. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी शांत. अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून वारा चालू होतो आणि मार्चनंतर तो वायव्येकडून चांगलाच जोर धरतो. फुगवायची कयाक पाण्यावर उंच तरंगते, तिच्या फुगीर बाजू वारा धरतात. ८ नॉटपर्यंत (ताशी १५ किलोमीटरच्या आसपास) मी सांभाळते. १० ते १२ नॉटला नाक वळायला लागतं, गळ सोडून वल्ह्यालाच चिकटावं लागतं. भावाची कयाक त्याच वाऱ्यात सरळ रेषेत जाते. विंडी अ‍ॅपवर मी तासातासाचा अंदाज बघते, पण देवबागला जाळी दुरुस्त करत बसलेल्या एका काकांनी न विचारता सांगितलं ते अ‍ॅपपेक्षा नेमकं निघालं: "अकराक वारो सुटतलो. त्याच्या आदी काठाक येवा." आम्ही दहालाच काठाला होतो, आणि सव्वाअकराला समोरच्या माडांची झापं हलायला लागली. तेव्हापासून कुठल्याही वाडीत पोहोचलं की आधी विचारायचं: वारा कधी सुटतो, जाळी कुठे लावलीत, रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायची आहे का. बोया दिसल्या की लांबून वळसा घालायचा. तिथल्या लोकांचं पोट त्या जाळ्यांवर आहे, आपण पाहुणे.

पोहोचल्या दिवशी कयाक गाडीतच राहू द्या. ओहोटीला काठानं चालत जा आणि उघडं पडलेलं सगळं बघून घ्या: वाळूचे पट्टे, कालवं चिकटलेली खडपं, पाण्यात रोवलेले जुने खांब. दुसऱ्या दिवशी भरतीला हे सगळं हातभर पाण्याखाली असतं आणि कालवांची धार पीव्हीसीला सोडत नाही. मी फोनवर फोटो काढून ठेवते. घरी असताना गूगल अर्थवर जुन्या वर्षांची छायाचित्रंही एकामागून एक लावून बघते. कर्ली नदीच्या मुखाशी वाळू कशी सरकत आलीय ते त्यात स्पष्ट दिसतं, त्यामुळे जुना नकाशा किती मानायचा तेही कळतं.

मुखाच्या बाहेर मी ही कयाक नेत नाही. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं आणि समोरून लाट येते, तेव्हा वाळूच्या उथळ पट्ट्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. वारा अजिबात नसतानाही दूर दक्षिणेकडच्या वादळांतून निघालेली लांब लाट आपल्या किनाऱ्याला येऊ शकते. अंदाज बघताना फक्त लाटेची उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. पंधराच्या वर असतील तर अर्ध्या मीटरची लाटसुद्धा उथळावर मोठी होते. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे उंच लाटांचे इशारे मी निघायच्या आदल्या रात्री बघतेच. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये आहे आणि फोन गळ्यातल्या जलरोधक पाकिटात.

मासे मिळाले का? हो. कर्लीत नेरूरपारच्या दिशेनं आत गेलं की पर्यटकांच्या बोटींचा गोंगाट मागे राहतो. तिथे कांदळाच्या मुळांशी जिवंत कोळंबी लावून तांबोशी मिळाली, दहा-बारा सेंटीमीटरच्या मिन्नोवर (माशासारखं दिसणारं नकली आमिष) चोणक. तांबोशी गळ घेताक्षणी मुळांत शिरते. एवढ्या हलक्या कयाकमध्ये बसून तिला थांबवणं अवघड, कारण ती कयाकलाच सोबत खेचते. मग मी पाय बाहेर सोडून मुळाला अडवते आणि तेवढ्यात रीळ फिरवते. लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरा, ४० पौंड ताण सोसणारा हवा. नांगर दीड किलोचा पुरतो, पण त्याची दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकालाच बांधा. मधे बाजूला बांधली तर प्रवाहात कयाक आडवी होऊन कलंडते.

सगळ्यात जपायचं ते शिंगाळ्याला. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही परांजवळचे काटे ताठ उभे राहतात, करवती धारेचे. तो आत उड्या मारू लागला तर तळाला आणि पायाला दोन्हींना धोका. मी शिंगाळा आत घेतच नाही. पाण्यातच लांब पक्कडीनं गळ पकडून मनगट फिरवते, तो सुटून जातो. तळावर जाड फोमची चटई कायम अंथरलेली असते. आजवर तळाला भोक पडलेलं नाही, चटईला मात्र खूप पडलीत.

आता तक्रारी. खालची फिन, म्हणजे कयाक सरळ ठेवणारी पाती, प्लॅस्टिकची, उथळ पाण्यात वाळूला लागून तिची खाच जानेवारीतच तुटली. विकणाऱ्यानं सुटी फिन मिळणार नाही म्हणून सांगितलं, शेवटी कोल्हापुरात एका कारागिराकडून अ‍ॅक्रिलिकची कापून घेतली. पाठीच्या टेक्याचे हुक स्टीलचे म्हणून विकले होते, दोन महिन्यांत गंजले. असल्या वस्तूला खाऱ्या पाण्याची म्हणून विकणं मला अजिबात पटत नाही. वॉल्व्हमध्ये वाळूचा कण गेला तर हळूहळू हवा जाते, म्हणून प्रत्येक वेळी गोड्या पाण्यानं धुवून, फडक्यानं टिपूनच झाकण लावते. उन्हात फुगवलेली ठेवायची नाही, आतली हवा तापून दाब वाढतो. आणि वाळवायला वेळ लागतोच. शिवणीत ओल राहिली की कुबट वास येतो.

जागा निवडताना आणखी दोन गोष्टी. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७पासून सागरी अभयारण्यात आहे, तिथे गळ टाकू नका. आणि वाशिष्ठीत किंवा महाडकडे सावित्रीत जायचा विचार असेल तर तिथे मगरी आहेत, चिपळूणजवळ तर त्या बघायला लोक बोटीनं जातात. काठाला टेकून बसणाऱ्या, पाय पाण्यात सोडणाऱ्या माझ्यासारखीनं ही कयाक तिकडे नेऊ नये.

घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानात पूर्ण फुगवायला लावा आणि तासभर तिथेच थांबून दाब उतरतो का बघा. फिन सुटी विकत मिळते का, वॉल्व्हची चावी सोबत येते का, हेही तेव्हाच विचारून घ्या.