मोडीचा वर्ग उत्तम, कपाटाची जागा चुकलेली

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 चं. त्याच जिल्ह्यातल्या या खाडीकाठच्या छोट्या वाचनालयात कोणी जावं, तर जुन्या कागदांतल्या मोडी लिपीच्या वर्गासाठी. शिकवणारे आधी सरळ शिरोरेघा मारून घेतात, मग अक्षरं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दांत जागाही सोडत नाहीत. त्यामुळे अक्षर ओळखूनही नवखा माणूस शब्द चुकीचा तोडतो. इथे यावरच सर्वांत जास्त वेळ देतात, आणि तेच बरोबर आहे. तारखांचा तक्ताही हाती देतात: इसवी सन काढायला शकात 78 मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुनअखेर 79. सुहूर सनात, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या अरबी सनात, मृग नक्षत्रापासून डिसेंबरपर्यंत 599, पुढे 600. हा फरक विसरला की वंशावळीत एक वर्ष हमखास सरकतं.

घराण्याचा शोध घेणाऱ्यांनी 1880 चं रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, जरूर मागावं. खोतीची, म्हणजे खोतामार्फत गावाचा सारा गोळा करण्याची, पद्धत त्यातून नीट कळते. विजयदुर्ग शोधताना ‘घेरिया’ हे त्याचं जुनं नावही पाहा.

तक्रार एकच, पण गंभीर. जुन्या पुस्तकांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला चिकटून आहे. पावसाळ्यात भिंत पाझरते, मागून हवा फिरत नाही आणि बुरशी आधी पुठ्ठ्याच्या बांधणीला धरते. कपाट वीतभर पुढे ओढा, खाली लाकडी ठोकळे घाला. फाटलेल्या पानांना सेलोटेप तर अजिबात नको. त्याचा डिंक पिवळा पडतो, कागदात उतरतो आणि मग निघत नाही. दुरुस्तीचा पातळ, चिवट जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा.